हाताखालच्या माणसाचा शिकण्याचा हक्क

बिस्मिल्लाहिर्रहमानिर्रहीम.

हिरा गुहेत प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यावर प्रथम ज्या आयती अवतरल्या त्यांत वाचण्याची आज्ञा आहे. सूरह अल-अलकच्या या आरंभीच्या आयतींत अल्लाह आपली ओळख दोन प्रकारे करून देतो. तो निर्माणकर्ता आहे आणि तो शिकविणारा आहे. त्याने लेखणीद्वारे ज्ञान दिले आणि माणसाला जे ठाऊक नव्हते ते शिकविले. मुलाला मकतबमध्ये बसविताना या आयती आपल्याला हमखास आठवतात. परंतु आपल्या दुकानात, दवाखान्यात, संगणक केंद्रात किंवा शाळेत पगारावर काम करणारा तरुणही शिकण्याच्या वयाचा आहे व त्याला शिकविणे आपल्यावर आहे, हा विचार सहसा कोणाच्या मनात येत नाही. आज त्याच विचाराकडे आपले लक्ष वेधायचे आहे.

प्रेषितांच्या (स.) लेखनिकाचे शिक्षण

ह. झैद बिन साबित (रजि.) हे मदीनेतील एक तरुण अन्सारी. प्रेषित (स.) यांच्यासाठी ते लेखनाचे काम करीत. यहुदी लोकांशी त्यांच्या लिपीत पत्रव्यवहार करावा लागे. आलेले पत्र वाचून घेण्यासाठी परक्यावर विसंबावे लागे. तेव्हा प्रेषितांनी (स.) झैद यांना ती लिपी शिकून घेण्यास सांगितले. तिर्मिजीतील हदीसनुसार सुमारे अर्ध्या महिन्यातच त्यांनी ती आत्मसात केली. त्यानंतर ते पत्रे लिहू लागले व आलेली पत्रे वाचून दाखवू लागले.

या घटनेत आपल्यासाठी मोठा बोध आहे. काम नवे होते व त्यासाठी लागणारे ज्ञान माणसाजवळ नव्हते. प्रेषितांनी (स.) आधी ज्ञान मिळविण्यास सांगितले आणि मग काम सोपविले. पुढे यमामाच्या युद्धात अनेक हाफिज शहीद झाले. तेव्हा कुरआनचे एकत्रीकरण करण्याची जबाबदारी ह. अबू बक्र (रजि.) यांनी याच झैद यांच्यावर टाकली. एका तरुण लेखनिकाच्या घडणीकडे वेळीच दिलेल्या लक्षाचे फळ साऱ्या उम्मतला मिळाले.

भातकुलीच्या एका टेबलावर

आता आपल्या परिसराकडे या. भातकुलीसारख्या तालुक्याच्या गावी सेवा केंद्रात संगणकासमोर बसलेला मुलगा बहुधा बारावी किंवा पदवीचा विद्यार्थी असतो. त्याच्यासमोर रांगेत उभा असतो कपाशी, तूर किंवा सोयाबीन पिकविणारा शेतकरी. सातबाऱ्यावरचा गट क्रमांक, बँक खात्याचे आकडे आणि आधारवरील नावाची अक्षरे यांपैकी एक जरी चुकले तरी त्या शेतकऱ्याची भरपाई अडकू शकते. खारपाणपट्ट्यातील कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात अशा अडकलेल्या रकमेचा अर्थ काय होतो, हे आपल्याला वेगळे सांगण्याची गरज नाही.

शिवाय हे काम एकदा शिकून संपत नाही. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला आणि हिशेब लिहिणाऱ्यांची सारी घडी बदलली. २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली. २०२३ च्या खरिपात एक रुपयात पीक विमा सुरू झाला आणि २०२५ मध्ये ती पद्धत बंद झाली. प्रत्येक बदलाबरोबर अर्ज, कागदपत्रे व मुदती बदलल्या. अमरावतीला रोज ये-जा करून कर सल्लागाराकडे, रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत किंवा औषधाच्या दुकानात काम करणाऱ्या आपल्या मुलामुलींचीही हीच स्थिती आहे. मालक म्हणतो, "जमेल हळूहळू, बघून बघून शिक." मुलगा अंदाजाने काम करतो. चूक झाली की बोलणी त्याला बसतात आणि नुकसान तिसऱ्याच माणसाचे होते.

झेपेल तेवढाच भार

ह. अबू जर (रजि.) यांनी सांगितलेली एक हदीस बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. तुमच्या हाताखाली असलेले लोक तुमचे भाऊ आहेत, असे प्रेषितांनी (स.) सांगितले. आपण खातो ते त्यांना खाऊ घालावे, आपण नेसतो ते त्यांना नेसवावे आणि त्यांच्या शक्तीबाहेरचा भार त्यांच्यावर टाकू नये. टाकावाच लागला तर त्यांना स्वतः मदत करावी.

शक्तीबाहेरचा भार म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर डोक्यावरचे पोते येते. पण ज्या कामाचे ज्ञानच दिलेले नाही ते काम करायला लावणे, हाही शक्तीबाहेरचाच भार आहे. पोते वाहणाऱ्याला हात देऊन मदत होते. कागद, आकडे व यंत्र यांच्याशी काम करणाऱ्याला मदत होते ती शिकवून. म्हणून कर्मचाऱ्याला शिकविणे हे मालकाचे औदार्य समजू नका. या हदीसच्या प्रकाशात पाहिले तर तो त्याचा हक्क ठरतो. प्रत्येक जण रखवालदार आहे व त्याला त्याच्या ताब्यातील लोकांविषयी विचारले जाईल, असेही प्रेषितांनी (स.) बजावले आहे. न शिकविलेल्या मुलाच्या हातून शेतकऱ्याचा अर्ज बिघडला तर त्या विचारणेत आपले नाव कोठे असेल, याचा प्रत्येक मालकाने शांतपणे विचार करावा.

"शिकला की सोडून जाईल"

येथे एक शंका पुढे येते आणि ती अगदी खरी आहे. लहान व्यावसायिक म्हणतो, मी वेळ व पैसा खर्च करून मुलाला तयार करायचे आणि दोनशे-चारशे रुपये जास्त मिळाले की त्याने दुसरीकडे जायचे, मग माझे काय?

बंधूंनो, ज्यांना दुहेरी मोबदला मिळेल अशा तिघांचा उल्लेख बुखारीच्या एका हदीसमध्ये आहे. त्यांतील एक म्हणजे असा मनुष्य, जो आपल्या ताब्यातील दासीला उत्तम संस्कार व उत्तम शिक्षण देतो, मग तिला मुक्त करतो व तिच्याशी विवाह करतो. प्रेषितांनी (स.) येथे शिक्षणाच्या जोडीला मुक्ती सांगितली. ती व्यक्ती मालकाच्या बंधनातून बाहेर पडते आणि मालकाचा मोबदला मात्र दुप्पट होतो. मग पगारावर काम करणारा स्वतंत्र माणूस आपण शिकविलेल्या विद्येच्या बळावर पुढे गेला, तर ते आपले नुकसान कसे म्हणावे? मृत्यूनंतरही ज्यांचे पुण्य चालू राहते त्या तीन गोष्टींत लोकांच्या उपयोगी पडणाऱ्या ज्ञानाचा समावेश आहे. तो मुलगा जेथे जाईल तेथे प्रामाणिकपणे भरलेल्या प्रत्येक अर्जात आपला वाटा राहील, अशी आशा आपण अल्लाहजवळ धरावी.

इमाम अबू हनीफा (रह.) हे कूफा येथील कापडाचे व्यापारी होते. त्यांचे शिष्य अबू यूसुफ (रह.) गरीब घरचे होते. त्यांचे शिक्षण पैशाअभावी थांबू नये म्हणून इमामसाहेबांनी त्यांचा खर्च उचलला. हेच अबू यूसुफ पुढे खलिफा हारून रशीद यांच्या काळात मुख्य काझी झाले. व्यापाऱ्याच्या थैलीतून न्यायाधीश घडला.

याचा अर्थ मालकाने आपल्या हिताची काळजीच घेऊ नये असा नाही. खर्चिक शिक्षण देताना ठरावीक काळ काम करण्याचा करार करता येतो. परंतु तो आधी, स्पष्ट व दोघांच्या संमतीने झालेला असावा, कारण सूरह अल-माइदाच्या पहिल्याच आयतीत करार पाळण्याची आज्ञा आहे. मूळ गुणपत्रिका कपाटात अडकवून ठेवणे किंवा शिकण्याच्या काळाचा पगार कापणे हा मात्र जुलूम आहे.

चूक आणि संयम

शिकणाऱ्याच्या हातून चुका होणारच. ह. अनस (रजि.) यांनी दहा वर्षे प्रेषितांची (स.) सेवा केली. त्या काळात हे का केलेस, ते का केले नाहीस, असा जाब आपल्याला कधीही विचारला गेला नाही, असे ते सांगतात. ह. मुआविया बिन हकम (रजि.) नकळत नमाजमध्ये बोलले. तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना न रागावता नमाजचा नियम समजावून सांगितला. ग्राहकांच्या देखत मुलाचा पाणउतारा करणाऱ्यांनी हे दोन प्रसंग स्मरणात ठेवावेत. घाबरलेला मुलगा पुढच्या वेळी चूक लपवितो, आणि लपविलेली चूक अधिक महाग पडते.

अनेक ठिकाणी जुना, अनुभवी कर्मचारीच नव्याला शिकवीत नाही. आपली किंमत कमी होईल अशी त्याला भीती वाटते. आपण खारपाणपट्ट्यातील लोक आहोत. गोड्या पाण्याची विहीर म्हणजे काय, हे आपण जाणतो. गरजेपेक्षा अधिक पाणी असूनही ते वाटसरूला नाकारणाऱ्यावर अल्लाहची नाराजी होईल, असे हदीसमध्ये आले आहे. ज्ञानालाही हाच न्याय लावून पाहा. पाणी दिल्याने विहीर थोडी तरी उतरते, ज्ञान तेवढेही उतरत नाही.

कर्मचाऱ्याचे कर्तव्य

हक्काबरोबर कर्तव्यही येते. सूरह अल-कससमध्ये कामावर ठेवण्यास उत्तम कोण, याचे दोन गुण सांगितले आहेत. तो समर्थ असावा व विश्वासू असावा. केवळ प्रामाणिक असणे पुरेसे नाही, कामाचे सामर्थ्यही हवे. म्हणून तरुणांनो, येत नसेल ते विचारा. ह. मूसा (अलै.) हे प्रेषित असूनही ज्ञानासाठी प्रवासाला निघाले आणि मला शिकवा अशी विनंती त्यांनी केली. मग पन्नाशीच्या कारकुनाने विशीच्या मुलीकडून संगणक शिकण्यात कसला कमीपणा? नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून नोकरी सांभाळून पदवी घेण्याची संधी देत आहे. केंद्र शासनाच्या 'स्वयं' या व्यासपीठावर २०१७ पासून अनेक अभ्यासक्रम विनामूल्य शिकता येतात, प्रमाणपत्राच्या परीक्षेला मात्र शुल्क पडते. ज्याने शिकविले त्याची वेळ ही अमानत आहे आणि झालेला करार मोडून अचानक निघून जाणे ही खयानत आहे, हेही विसरू नका.

मालक बंधू-भगिनींनी फार काही करावे असे नाही. आठवड्यातील एक तास कामाच्या वेळेतच शिकविण्यासाठी राखावा. नवा नियम आला की आधी सर्वांना बसवून समजावून सांगावा आणि मगच काम सुरू करावे. परीक्षेच्या दिवसांत पगारी सुटी द्यावी. मुलगा आणि मुलगी यांना शिकण्याची सारखी संधी द्यावी. या चार गोष्टी भातकुलीतील दोन टेबलांच्या केंद्रालाही परवडतात.

सूरह ताहामध्ये अल्लाहने आपल्या प्रेषितांना (स.) ज्ञानवृद्धीची प्रार्थना करण्यास शिकविले. ती प्रार्थना आपण स्वतःसाठी करतो तेव्हा आपल्या हाताखालच्या माणसासाठीही करू या, आणि तिच्या पूर्तीचे साधन बनण्याचा प्रयत्न करू या.

हे अल्लाह, आमच्या ज्ञानात वाढ कर. आम्ही ज्यांच्याकडून काम घेतो त्यांचे हक्क ओळखण्याची आम्हाला सद्बुद्धी दे, आणि आमच्या अज्ञानामुळे तुझ्या कोणत्याही दासाचे नुकसान होऊ देऊ नकोस. आमीन.