रथात शेजारी बसणारा
शास्त्रभाग : प्रेषितांची कृत्ये ८:२६-४०



यरुशलेमेहून गज्जाकडे जाणाऱ्या वाटेवर कूश देशाच्या राणीचा खजिनदार रथात बसून यशयाचे पुस्तक वाचीत होता. वाचता येत होते, अर्थ उमगत नव्हता. फिलिप्पाने विचारताच त्या मोठ्या अधिकाऱ्याने तसे कबूल केले आणि त्याला शेजारी बसवून घेतले.

सहावी ते आठवीत असे खजिनदार पुष्कळ आहेत. उज्जैनात शिंद्यांच्या काळापासून मराठी घरे आहेत. तेथे मूल घरी मराठी बोलते, शाळेत हिंदीत शिकते. धडा घडाघडा वाचते, आपण समाधान पावतो. शेकडेवारी म्हणजे काय, असे विचारले की मान खाली! या वयात कबूल करायची लाज वाटते. बारा वर्षांचा येशू मंदिरात प्रश्न विचारीत होता खरा, पण तेथील गुरुजनांनी त्याला विचारू दिले, हे आपण विसरतो.

अशा मुलाशेजारी कॉलेजचा विद्यार्थी बसावा. तो कालपरवाच त्याच गणितात अडखळलेला असतो. उज्जैनला १९५७ पासून विद्यापीठ आहे. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली ३७ विद्यापीठांत सुरू झाली. तिच्यात विद्यार्थ्याने वर्षाला १२० तास सेवा करावयाची असते. तास चांगलेच, मात्र फिलिप्पाच्या हजेरीपत्रकावर कोणाची सही नव्हती. आणि हे काम आपल्याला परके नाही. १७८० साली ग्लॉस्टर येथे रॉबर्ट रेक्स यांनी संडे स्कूल काढले, ते आठवडाभर राबणाऱ्या मुलांना वाचता यावे म्हणूनच.

पण आमच्या तरुण संघाची गोष्ट सांगितलीच पाहिजे. आम्ही उत्साहाने वर्ग काढतो, वीस मुले जमवितो. नाताळ सरतो, कॉलेजच्या परीक्षा जवळ येतात, वर्ग बंद. मुलांना कोणी सांगत नाही. ती वही घेऊन येतात आणि कुलूप पाहून परत जातात. फिलिप्पही निघून गेला, असे कोणी म्हणेल. होय, पण त्या मनुष्याला समजल्यानंतर. तो आनंदाने आपल्या वाटेने गेला. आमची मुले अर्ध्या धड्यावर उतरविली जातात.

तरुणांनो, वीस नकोत, एकच मूल घ्या. एक विषय तडीस न्या. परीक्षेसाठी थांबायचे असेल तर महिनाभर आधी त्याला सांगा, आणि त्याचा हात दुसऱ्याच्या हाती द्या. संडे स्कूलच्या शिक्षकांनो, कोणते मूल गप्प बसते, हे तुम्हालाच ठाऊक. ते नाव या तरुणांना सांगा. चर्चमागची खोली मंगळवारी संध्याकाळी रिकामीच असते. किल्ली तेवढी मागून घ्यावी लागेल.