न्यायाधीशाची खिडकी

कायद्याचे शिक्षण घेणाऱ्या आमच्या धर्मग्रामातील एका तरुणाने मध्यंतरी आम्हांस विचारले, "फादर, न्यायाधीशाने कायद्याचे ऐकावे की सदसद्विवेकबुद्धीचे?" प्रश्न जुना आहे. सेमिनरीत नीतिशास्त्राच्या तासाला आम्हीही त्यावर तावातावाने वाद घातला होता. परंतु तत्त्वांची खरी परीक्षा माणसाच्या जीवनात होते. म्हणून आम्ही त्या तरुणास अमेरिकेतील एका संघीय जिल्हा न्यायाधीशाची कथा सांगितली.

जे. स्केली राईट यांचा जन्म १९११ साली लुइझियाना राज्यातील न्यू ऑर्लिन्स शहरी, एका कॅथलिक कुटुंबात झाला. येशूसंघीयांच्या लोयोला विद्यापीठात ते शिकले. त्या शहरात गोऱ्यांच्या शाळा वेगळ्या आणि कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या. ही रीत राईट यांच्याही अंगवळणी पडली होती. पुढे ते सरकारी वकिलाच्या कचेरीत काम करू लागले. एका नाताळच्या आदल्या दिवशी त्यांनी कचेरीच्या खिडकीतून समोर पाहिले. अंधांच्या संस्थेत नाताळच्या मेळाव्यासाठी अंध मंडळी येत होती. दारात उभा असलेला माणूस त्यांची निवड करीत होता : गोरे अंध एकीकडे, काळे अंध दुसरीकडे. ज्यांना रंग दिसतच नाही, त्यांचीही रंगावरून विभागणी! हे दृश्य राईट जन्मभर विसरले नाहीत.

१९४६ साली विली फ्रान्सिस या कृष्णवर्णीय तरुणाला देहदंडासाठी विजेच्या खुर्चीत बसविण्यात आले. यंत्र बिघडले व तो वाचला. त्याला पुन्हा त्या खुर्चीत बसवू नये, म्हणून राईट यांनी सर्वोच्च न्यायालयात युक्तिवाद केला. पाच विरुद्ध चार मतांनी ते हरले. मे १९४७ मध्ये त्या तरुणाला मृत्युदंड देण्यात आला. एका मताचे मोल किती, हे राईट यांना तेव्हा कळले असले पाहिजे.

१९४९ साली वयाच्या अडतिसाव्या वर्षी ते आपल्याच शहरात न्यायाधीश झाले. शाळांतील वर्णविभागणी घटनाबाह्य असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली दिला होता. दक्षिणेतील अनेक न्यायाधीश सबबी सांगून वेळ काढीत राहिले. राईट यांनी १९५६ साली न्यू ऑर्लिन्सच्या शाळा मंडळाला विभागणी संपविण्याचा आदेश दिला. राज्याच्या विधिमंडळाने तो मोडण्यासाठी कायद्यामागून कायदे केले; ते एकामागून एक रद्द ठरले. अखेर राज्यपालासह संपूर्ण विधिमंडळालाच मनाई हुकूम बजावला गेला. १४ नोव्हेंबर १९६० रोजी सहा वर्षांच्या चार कृष्णवर्णीय मुली गोऱ्यांच्या दोन शाळांत दाखल झाल्या. रूबी ब्रिजेस ही त्यांतीलच एक. बाहेर जमाव शिव्याशाप देत होता. राईट यांच्या पुतळ्याची शवपेटिका मिरवण्यात आली, त्यांच्या घरावर पहारा बसवावा लागला, जुने स्नेही त्यांना पाहून रस्ता ओलांडू लागले. १९६२ साली राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी त्यांना वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयावर नेमले आणि जन्मगाव सुटले. १९८८ साली त्यांचे निधन झाले.

येथे कोणी आक्षेप घेईल की प्रत्येक न्यायाधीश आपल्या मनाप्रमाणे निवाडे देऊ लागला, तर कायदा उरेल कुठे? आक्षेप रास्त आहे. परंतु राईट यांनी काय केले, ते नीट पाहा. शाळांविषयीचा कायदा त्यांनी मनाने रचला नव्हता. तो वरिष्ठ न्यायालयाने सांगितलेला होता, सर्वांना ठाऊक होता. केवळ तो पाळण्याची किंमत मोजायला फार थोडे तयार होते. सदसद्विवेकबुद्धी कायद्याची जागा घेत नाही. ती आपल्याला कायद्याआड लपू देत नाही. पिलाताला सत्य समजले नव्हते असे नाही. त्याने जमावाकडे पाहिले आणि हात धुण्यास पाणी मागविले.

आता आम्हांस, धर्मगुरू म्हणून, एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. न्यू ऑर्लिन्सचे आर्चबिशप जोसेफ रमेल यांनी १९५६ सालीच आपल्या मेषपालीय पत्रात वर्णविभागणी हे पाप असल्याचे स्पष्ट केले. तेही धैर्याचेच होते. विरोध माजविणाऱ्या तिघा कॅथलिकांना त्यांनी १९६२ साली ख्रिस्तसभेतून बहिष्कृतही केले. तथापि तेथील कॅथलिक शाळांची दारे सर्वांना खुली झाली ती १९६२ सालीच. म्हणजे पाप ओळखले ख्रिस्तसभेने, पण शाळेचे दार न्यायालयाने दोन वर्षे आधी उघडले. सत्य ठाऊक असूनही ते उद्यावर ढकलले, की त्या विलंबाची किंमत एखादे लहान मूल चुकते करते.

परदेशातील या कथेकडे पाहताना आपणही आपल्या खिडकीशी उभे राहावे. आपल्या देशातही जातीच्या नावाने वेगळी आसने, वेगळी दफनभूमी ठेवणारी चर्चेस होतीच ना? आणि सोयरीक ठरविताना आपल्या घरात पहिला प्रश्न कोणता विचारला जातो? रविवारी आम्ही वेदीवरून बंधुभावाचे प्रवचन करतो, आणि त्याच आठवड्यात सोयरिकीच्या बैठकीत चहाचा कप हाती घेऊन गप्प बसतो. तेथे आम्हीही हात धुतलेलेच असतात.

त्या तरुणाने कथा ऐकून घेतली व थोड्या वेळाने विचारले, "फादर, राईट यांनी त्या दिवशी खिडकीतून पाहिलेच नसते तर?" याचे उत्तर आमच्याजवळ नव्हते. एवढेच म्हणालो, "खिडक्या सर्वांनाच असतात, बाळा. पाहिल्यावर पडदा ओढायचा की नाही, एवढेच आपल्या हाती असते."