बेचिराग

ज्या गावात आता माणूस राहत नाही, पण ज्याचे नाव, शीव आणि जमिनीचे नंबर दप्तरात शाबूत आहेत, अशा गावासाठी आपल्या महसुली भाषेत एक जुना शब्द आहे: बेचिराग. चिराग म्हणजे दिवा. पुढे बोलता बोलता त्याचे ‘बेचिराख’ झाले, त्यात राख शिरली आणि राखेमागून आग आली. मूळ शब्दात आग नाही. तिन्हीसांजेला दिवा लावायला कोणी उरले नाही, एवढेच तो सांगतो.

सोव्हिएत काळातल्या सोडून दिलेल्या इमारतींची छायाचित्रे मी बरीच वर्षे पाहत आलो आहे आणि हा शब्द मनातून जात नाही. पोपडे उडालेल्या भिंती, जमिनीवर पसरलेली शाळेची पुस्तके, फुटक्या तावदानातून आत वाढलेले बर्चचे झाड, कोपऱ्यात लेनिनचा अर्धपुतळा. पाहणारे बहुधा दोन तट करतात. एकाला त्यात राजवटीला मिळालेली शिक्षा दिसते, दुसऱ्याला हरवलेले वैभव. दोघांचाही निकाल उंबरठा ओलांडायच्या आत लागलेला असतो. त्या घरातला दिवा कधी विझला, कोणी विझवला आणि खरोखर विझला का, हे विचारायचे राहूनच जाते.

युक्रेनमधल्या प्रिप्यातचेच घ्या. चेर्नोबिल अणुवीज केंद्रातल्या कामगारांसाठी १९७० साली हे शहर वसवायला घेतले. २६ एप्रिल १९८६ च्या मध्यरात्रीनंतर चौथ्या अणुभट्टीत स्फोट झाला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी सुमारे ४९ हजार माणसांना बसगाड्यांत बसवून शहराबाहेर काढले. थोड्याच दिवसांचा प्रश्न आहे, असे त्यांना सांगितले होते. १ मेला उघडायच्या बागेतला पिवळा आकाशपाळणा तसाच उभा राहिला आणि पुढे जगभर त्या शहराची खूण झाला. इथपर्यंतची गोष्ट सर्वांना ठाऊक असते.

तिथल्या ‘लाझुर्नी’ जलतरण तलावाची गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. पांढऱ्या फरशांचा कोरडा हौद, उडी मारायचे मचाण, एका बाजूला मोठमोठ्या खिडक्या आणि त्यांच्या रिकाम्या चौकटी. ‘१९८६ मध्ये थांबलेला काळ’ म्हणून त्याचे चित्र दाखवतात. तो १९८६ मध्ये थांबलाच नव्हता. स्फोटानंतरही केंद्रातल्या उरलेल्या अणुभट्ट्या चालू होत्या, शेवटची बंद झाली ती डिसेंबर २००० मध्ये. त्यामुळे त्या परिसरात कामाला येणारी माणसे होती आणि त्यांच्यासाठी हा तलाव १९९८ पर्यंत भरलेला असे. शहर रिकामे झाल्यावर बारा वर्षे तिथे दिवे लागत होते, माणसे पोहत होती. ती छायाचित्रात नाहीत, कारण आपल्याला हव्या असलेल्या गोष्टीत त्यांची अडचण होते.

तीच अडचण उलट्या बाजूनेही सोडवली जाते. प्रिप्यातच्या बालवाडीतल्या खाटेवर गॅस मास्क घातलेली बाहुली नीट बसवून ठेवलेली दिसते. ते मास्क शाळांमधल्या नागरी संरक्षणाच्या साठ्यातले. नंतर आलेल्यांनी ते उपसले आणि त्यांच्याही नंतर आलेल्या कोणीतरी चित्र चांगले यावे म्हणून बाहुलीच्या तोंडावर चढवले. जिथून खऱ्या मुलांना खरोखर उचलून नेले, तिथे दुःखाचा देखावा मांडायची गरज पडावी, हे मला सहन होत नाही. पण अशा जागा धुंडाळणाऱ्या सगळ्यांनाच मी त्या पंक्तीत बसवणार नाही. पडायला आलेल्या कित्येक भिंतींवरची मोझेक चित्रे आज केवळ त्यांनी टिपली म्हणून माहीत आहेत.

एकच ‘सोव्हिएत अवशेष’ हा शिक्का मारला, की निरनिराळी दुखणी एका नावाखाली जातात. प्रिप्यात अपघाताने रिकामे झाले. आर्क्टिकमधल्या स्वालबार्डवरचे पिरामिडेन हे कोळशाच्या खाणीचे गाव १९९८ मध्ये हिशेब जमेना म्हणून बंद पडले. तिथल्या रिकाम्या खिडक्यांच्या कठड्यांवर आता समुद्रपक्षी घरटी करतात. लॅटव्हियातल्या स्क्रुंदाचे रडार केंद्र करार झाला म्हणून सुटले. बायकोनूरला, जिथून १९८४ मध्ये राकेश शर्मा अवकाशात गेले, ‘बुरान’ हे यान १९८८ मध्ये एकदाच, माणसाविना उडाले आणि परत आले. २००२ मध्ये ते ठेवलेल्या इमारतीचे छप्पर कोसळले आणि यानाचा चुराडा झाला. हळहळ व्यक्त होते ती यानाबद्दल. त्या छपराच्या दुरुस्तीला चढलेले आठ कामगार त्या दिवशी मेले, हे वाक्य मात्र शोधावे लागते.

आता विझूनही पुन्हा लागलेला एक दिवा. लॅटव्हियातच, व्हेंट्स्पिल्स शहराच्या उत्तरेला जंगलात इर्बेने नावाची जागा आहे. ३२ मीटर व्यासाची प्रचंड तबकडी तिथे परक्यांचे संदेश चोरून ऐकायला उभारली होती. १९९४ मध्ये सैन्य निघाले तेव्हा जाताना मोटारींत आम्ल ओतले, केबलींत खिळे ठोकले. लॅटव्हियाच्या शास्त्रज्ञांनी बिघाड शोधून, एकेक केबल तपासून ती तबकडी पुन्हा फिरती केली. आज तिच्यावर रेडिओ खगोलशास्त्राचे काम चालते. शेजारच्या सैनिकी वसाहतीचे चौक मात्र ओसाड आहेत आणि हौशी लोक कॅमेरे घेऊन तिकडेच वळतात. मला विचाराल, तर त्या जंगलातली पाहण्यासारखी गोष्ट म्हणजे ती दुरुस्त केलेली केबल.

आपल्या पिढ्यांनी सोव्हिएत देश पाहिला तो दिवे लागलेला असताना. अण्णा भाऊ साठे १९६१ मध्ये जाऊन आले आणि ‘माझा रशियाचा प्रवास’ लिहिला. मॉस्कोत छापलेली मुलांची मराठी पुस्तके अनेक घरांत होती. म्हणून या अवशेषांकडे मला निव्वळ कुतूहलाने पाहता येत नाही. त्या घरांच्या आतले आयुष्य कधीकाळी आपल्या भाषेतून आपल्यापर्यंत पोचले होते.

सर्वांत जास्त चुकीचे वाचले गेलेले ठिकाण म्हणजे जॉर्जियातले त्स्खाल्तुबो. रेडॉनयुक्त कोमट पाण्याचे झरे, स्टालिनसाठी राखलेले स्नानगृह आणि भोवती राजवाड्यासारखी आरोग्यधामे. संघटनेकडून चिठ्ठी मिळाली की कामगार इथे येऊन उपचार घेत, मॉस्कोहून थेट गाडी होती. देश फुटला, रुग्ण यायचे थांबले. लगेच १९९२-९३ मध्ये अबखाझियात युद्ध झाले आणि तिथून दोन लाखांहून अधिक जॉर्जियन विस्थापित झाले. त्यातले हजारो लोक या रिकाम्या खोल्यांत आले. काही दिवसांचा आसरा म्हणून आलेल्यांची तीस वर्षे तिथेच गेली. तिथे मुले जन्मली, शाळेत गेली, त्यांची लग्ने झाली.

या इमारतींची छायाचित्रे ‘परित्यक्त महाल’ म्हणून फिरतात. नीट पाहिले तर दोन भव्य खांबांमध्ये दोरी बांधलेली दिसते आणि तिच्यावर लहान मुलाचे कपडे. खिडकीच्या एका तावदानाच्या जागी पत्रा असतो, त्या पत्र्याला पाडलेल्या भोकातून शेगडीची नळी बाहेर आलेली. म्हणजे आत चूल आहे. ज्याला आपण अवशेष म्हणतो, तिथे कोणाच्या तरी घरी संध्याकाळचा स्वयंपाक चाललेला असतो. अलीकडे सरकारने बहुतेक कुटुंबांना नवी घरे दिली, आरोग्यधामे विकायला काढली. तरी काही खिडक्यांत दिवे बराच काळ लागत राहिले. बेचिराग हा शब्द त्या जागेला लावायचा हक्क आपल्याला नाही.

जॉर्जियाला आता आपल्याकडचे पुष्कळ लोक फिरायला जातात, वैद्यकीय शिक्षणासाठी मुलेही जातात. कुताइसीहून त्स्खाल्तुबो अगदी जवळ आहे. जाल तेव्हा जिन्यावर कोणी भेटले, तर तिथे नमस्काराला ‘गमार्जोबा’ म्हणतात. दार उघडे दिसले तरी आधी तेवढे म्हणा, आत या म्हणाले तर जा, आणि कॅमेरा त्यांना विचारूनच काढा.