आपल्याच गावात पाहुणे

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



काशीला गेलो की आपण गल्लीतला दगडसुद्धा थांबून बघतो, रिक्षावाल्याला दहा प्रश्न विचारतो. आणि इथं बडोद्यात? पाहुण्यांना लक्ष्मीविलास पॅलेस दाखवायला नेलं तर ते महाल बघतात, आपण घड्याळ बघतो. मग विचार येतो, नवेपणा जागेत असतो की बघणाऱ्याच्या डोळ्यांत?

जागेत असता तर पाहुण्याला दिसलं ते आपल्यालाही दिसलं असतं. ‘हे तर माहीतच आहे’ असं मनानं एकदा ठरवलं की डोळे बघायचं सोडून देतात. गावाचं जे होतं तेच घरच्या माणसांचंही होतं. सत्संगात आपण साक्षीभाव हा शब्द नेहमी ऐकतो. त्याचा सराव करायला हिमालयात कशाला जायला हवं? आपली गल्ली आहेच की!

बघायचं म्हटलं तर किती आहे! कीर्तिमंदिरात नंदलाल बोस यांनी रंगवलेल्या भिंती आहेत, त्यात गंगावतरण आहे, मीराबाई आहे. श्री अरविंद १८९३ ते १९०६ बडोद्यात नोकरीला होते. पुढे १९०८ च्या सुरुवातीला याच गावात विष्णू भास्कर लेले या मराठी योग्यानं त्यांना तीन दिवस एका खोलीत ध्यानाला बसवलं. त्यांच्या दर्शनासाठी आपण पाँडिचेरीला जातो, आणि दांडिया बाजारातल्या त्यांच्या घरावरून भाजीची पिशवी घेऊन निघून जातो.

पण पाहुण्याच्या नजरेनं बघायचं तर फक्त कौतुकाचंच बघून चालणार नाही. कमाटी बागेत आपण मुलांना झोपाळ्यावर बसवायला नेतो. त्याच बागेत संकल्पभूमी आहे. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिकून आलेले डॉ. आंबेडकर १९१७ साली बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा त्यांना गावात राहायला जागा मिळेना. नाव बदलून पारशी धर्मशाळेत राहावं लागलं, तिथूनही लोकांनी काठ्या घेऊन बाहेर काढलं. दोन ओळखीच्यांकडे विचारून झालं, तिथंही सोय होईना. रात्रीच्या गाडीची वाट बघत ते या बागेत बसले होते.

राजाने दिलं, गावाने नाकारलं. दोन्ही बडोदंच. महाराजांचा अभिमान आपला म्हणायचा आणि ती बंद दारं मात्र परक्यांची, असं कसं चालेल?

इथंच पर्यटक आणि गावकरी वेगळे होतात. पर्यटक बघतो, हळहळतो, फोटो काढतो आणि गाडीत बसतो. आपल्याला गाडीत बसून जाता येत नाही, आपल्याला इथंच राहायचं आहे. म्हणून नजर पाहुण्याची हवी आणि जबाबदारी घरच्याची. नुसती नजर असेल तर ती करमणूक झाली. नजरेशिवाय नुसतं राहणं म्हणजे सवय.

आजही वरचा मजला भाड्यानं द्यायचा असला की आपल्या सोसायट्यांत पहिला प्रश्न आडनावाचा असतो. अतिथी देव आहे हे आपण मुलांना शिकवतो, आणि दारात उभ्या असलेल्या माणसाची जात चाचपतो. मुलं दोन्ही बघत असतात बरं का!

तर या महिन्यात एक छोटासा संकल्प करूया. एका रविवारी घरच्या सगळ्यांनी मिळून आपल्याच गावातली एक जागा बघायची. इंदूर, ग्वाल्हेर, बेळगावच्या मंडळींनी आपापल्या गावातली निवडावी. घाई करायची नाही, पाटी पूर्ण वाचायची, आजी-आजोबांना विचारायचं. आणि घरी येताना मुलांशी एवढंच बोलायचं : या गावात कुणाला जागा मिळाली, कुणाला नाही, आणि आपल्या दाराशी कुणी आलं तर आपण काय करू?

॥ जय गुरुदेव ॥