आत काय आहे?

30 ऑगस्ट 2023. त्या दिवशी राखीपौर्णिमा होती. पहाटे पिंपरी-चिंचवडमध्ये, चिखलीजवळच्या पूर्णानगरात, एका हार्डवेअरच्या दुकानाला आग लागली. दुकानाच्याच पोटमाळ्यावर एक कुटुंब झोपलं होतं. शटर बंद होतं. आई-वडील आणि दोन मुलं, चौघंही गेले. अग्निशमन दलाच्या जवानांनी ज्यांना बाहेर काढलं त्यांत दोन लहान देह होते. उजाडल्यावर त्या जवानांपैकी कुणाच्या घरी बहीण ताट घेऊन थांबली असेल, कुणाच्या घरी त्याच वयाची पोरं असतील. हातावर राखी बांधून घेताना त्या माणसाच्या मनात काय चाललं असेल, हे आपण विचारत नाही. त्याच्या घरचेही बहुधा विचारत नाहीत. विचारतात ते एवढंच, "जेवलात का?" त्या दोन शब्दांत सगळी काळजी कोंबलेली असते.

या पट्ट्यात, म्हणजे भोसरीपासून तळवडे, कुदळवाडी, चिखली आणि पुढे थेट चाकणपर्यंत, अग्निशमन दलात माणूस असलेल्या घरांना एक सवय लागलेली असते. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर काळ्या धुराचा व्हिडिओ येतो. बघणारे म्हणतात, "बापरे, केवढी आग!" त्या घरातली बाई मात्र व्हिडिओत बंब शोधते. आग कुठे आहे, म्हणजे कुठल्या केंद्राची गाडी आधी निघाली असेल, आज कुणाची पाळी आहे, असा हिशेब तिच्या डोक्यात क्षणात होतो. ती फोन लावते. फोन वाजतो, उचलला जात नाही. फोन गाडीतच राहिलेला असतो, हे तिला ठाऊक असतं. ती दुसऱ्यांदा लावत नाही. सासूबाईंना काही सांगत नाही, कुकर लावते. मोठ्या आगीत ज्वाळा विझल्यावरही कुलिंगचं काम तासन् तास चालतं, तोवर घराला काही कळत नाही.

ही काळजी कमी कशी होणार? धाडस हा त्यांचा पेशाच आहे, असं म्हणून आपण मोकळे होतो. मला हे पटत नाही. जवानाच्या जिवाला असलेला धोका पुष्कळदा आग लागण्याच्या कितीतरी आधी ठरलेला असतो. तो आपण ठरवलेला असतो.

आगीची वर्दी मिळाली, गाडी गेटवर पोचली, की अधिकारी पहिले दोन प्रश्न विचारतो. आत कुणी आहे का? आणि आत काय आहे? पहिल्याचं उत्तर दहा जण ओरडून देतात. दुसऱ्याला अनेकदा उत्तरच नसतं. मालक फोनवर, सुपरवायझर बाजूला उभा, आणि नवीनच लागलेला सुरक्षारक्षक म्हणतो, "माल आहे, साहेब." माल म्हणजे काय? पुठ्ठा आणि थर्माकोल असेल तर पाण्याचा मारा चालतो. पेंटशॉपचं थिनर असेल तर फोम लागतो. अॅल्युमिनियम किंवा मॅग्नेशियमची भुकटी पेटली असेल, तर तिच्यावर मारलेलं पाणीच उलटतं, स्फोट होऊ शकतो. लिथियमच्या बॅटऱ्या विझल्यासारख्या दिसतात आणि काही तासांनी पुन्हा पेट घेतात. उत्तर मिळालं नाही, तरी आत तर जावंच लागतं.

आत जाणं म्हणजे काय, तेही जरा जवळून पाहू. पाठीवर दाबाने भरलेल्या हवेची टाकी असते. जवान त्या साधनाला बीए सेट म्हणतात. टाकीत साधी हवा असते, आपण घेतो तीच. कागदावर ती पाऊण तास पुरते. पण भरलेला होज पाइप ओढत जिना चढणाऱ्या माणसाचा श्वास दुप्पट चालतो, आणि हवा त्याआधीच संपत येते. दाब उतरला की कानाशी शिट्टी वाजू लागते. शिट्टी वाजली की मागे फिरायचं, हा नियम. मागे फिरायचं म्हणजे ज्या वाटेने आलो तीच वाट, स्वतःचा हातही न दिसणाऱ्या धुरात, भिंत चाचपत गाठायची. त्या वाटेवर कुणी जागा नाही म्हणून खोक्यांची थप्पी लावलेली असेल, मागच्या दाराला चोरीच्या भीतीने कुलूप घातलेलं असेल, तर शिट्टी वाजतच राहते. वर पत्र्याची शेड. लोखंडी सांगाडा साडेपाचशे-सहाशे अंशांच्या आसपास आपली जवळजवळ निम्मी ताकद गमावतो आणि वाकायला लागतो. खालच्या माणसाला धुरामुळे ते दिसत नाही.

8 डिसेंबर 2023 ला तळवड्यात वाढदिवसाच्या केकवर लावतात त्या फुलबाजीसारख्या मेणबत्त्यांच्या कारखान्यात आग लागली. सहा जण जागीच गेले, भाजलेल्यांपैकी आणखी काही पुढे रुग्णालयात दगावले. मरणाऱ्यांत बहुतेक बायका होत्या, पोटासाठी रोजंदारीवर आलेल्या. कारखान्याला परवानगी नव्हती. म्हणजे सरकारदरबारी त्या शेडमध्ये ज्वालाग्राही दारू नव्हतीच. कागदावर नसलेल्या मालाच्या आगीत शिरताना जवानाने काय समजून शिरायचं?

हे आजचं नाही. 14 एप्रिल 1944 ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन हे जहाज पेटलं. पोटात कापसाच्या गासड्या आणि सुमारे चौदाशे टन स्फोटकं. स्फोटकं वाहणाऱ्या जहाजाने लावायचा लाल बावटा त्या दिवशी डोलकाठीवर नव्हता. दुपारी चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, तेव्हा बंबवाले पाणी मारतच होते. मुंबई अग्निशमन दलाचे 66 जण गेले. आपण 14 एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतो तो त्यांच्यासाठी.

आणि दर वेळी आगच असते असंही नाही. 1 डिसेंबर 2019, रविवार. दापोडीत ड्रेनेजसाठी खणलेल्या खोल खड्ड्यात एक कामगार मातीखाली गाडला गेला. त्याला वाचवायला उतरलेले तरुण अडकले. पिंपरी-चिंचवड अग्निशमन दलाचे जवान खाली उतरले, त्यांनी त्या तरुणांना वर काढलं. तेवढ्यात मातीचा कडा पुन्हा ढासळला आणि जवानच गाडले गेले. त्यांतला एक बत्तीस वर्षांचा जवान परत आला नाही. तो कामगारही वाचला नाही. खड्ड्याच्या कडांना आधाराच्या फळ्या ठोकून घेणं हे बांधकामातलं अगदी पहिलं काम. ते ज्याचं होतं त्याने केलं असतं, तर त्या संध्याकाळी बंब निघालाच नसता.

मुंबईच्या काळबादेवीतही 9 मे 2015 ला असंच झालं. पेटलेल्या गोकुळ निवास इमारतीतले रहिवासी बाहेर निघाले आणि ती इमारत अग्निशमन अधिकाऱ्यांवर कोसळली. संजय राणे आणि महेंद्र देसाई तिथेच गेले. सुधीर अमीन आणि मुंबई अग्निशमन दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर गंभीर भाजले, दोघांनीही पुढे रुग्णालयात प्राण सोडले. नेसरीकर पंधरा दिवस झुंजले. ते पंधरा दिवस त्यांच्या घरच्यांनी कसे काढले असतील!

जो जवान धडधाकट घरी येतो, त्याच्याबरोबरही आग थोडी घरी येते. प्लास्टिक, रबर, फोम जळाल्याची काजळी गणवेशात बसलेली असते. 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अग्निशमनाचं कामच कर्करोगकारक म्हणून जाहीर केलं, तंबाखू ज्या गटात आहे त्याच गटात. तो गणवेश घरच्या बादलीत, मुलांच्या शाळेच्या कपड्यांशेजारी भिजत पडता कामा नये. प्रत्येक केंद्रात कपडे धुण्याची वेगळी सोय आणि दरवर्षी पूर्ण आरोग्य तपासणी हा या घरांचा हक्क आहे, आणि तो मागताना आपण करदाते त्यांच्या बाजूने बोललो पाहिजे.

आता पहिल्या पाळीच्या बसमध्ये बसून चाकणकडे निघालेल्यांसाठी एक सांगतो. महाराष्ट्रात 2006 चा आग प्रतिबंधक आणि जीवसंरक्षक उपाययोजना कायदा आहे. बसवलेली यंत्रणा चालू स्थितीत आहे, असं परवानाधारक संस्थेचं प्रमाणपत्र मालकाने किंवा भोगवटादाराने वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, अग्निशमन विभागाला द्यायचं असतं. हाउसिंग सोसायट्यांनाही, जिथे हा कायदा लागू होतो तिथे, तेच करावं लागतं. आपल्या कंपनीचं शेवटचं प्रमाणपत्र कोणत्या महिन्याचं आहे, ते आज जेवणाच्या सुट्टीत सेफ्टी ऑफिसरना विचारा. आणि कुठल्या शेडमध्ये काय ठेवलंय, गॅसचा मुख्य कॉक कुठे, विजेचा मेन स्विच कुठे, हे लिहिलेला एक कागद गेटवरच्या केबिनमध्ये रात्रपाळीच्या रक्षकाच्याही हाताशी असेल, एवढं बघून घ्या.