फाईल बंद करायला बोलावलेला माणूस

रहस्यकथेत खून झाला की डिटेक्टिव्हला बोलावतात ते खुनी शोधायला. मग तो होम्स असो की बाबूराव अर्नाळकरांचा धनंजय. जॉन ल कारेच्या ‘स्मायलीज पीपल’ (१९७९) या कादंबरीत मात्र ब्रिटिश हेर जॉर्ज स्मायलीला पेन्शनीतून उठवून आणतात ते काही सापडू नये म्हणून.

लंडनच्या हॅम्पस्टेड हीथवर एका म्हाताऱ्याला तोंडावर गोळी घालून मारलेलं असतं. तो जनरल व्लादिमीर. मूळचा एस्टोनियाचा, सोव्हिएत लष्करात असताना ब्रिटिशांसाठी हेरगिरी केलेला. मरण्याआधी त्याने हेरखात्याच्या ऑफिसात फोन करून स्मायलीला जुन्या टोपणनावाने मागितलं होतं. पण आता निर्वासितांच्या गटांशी संबंध ठेवायचे नाहीत, असा वरून हुकूम. त्यामुळे स्मायलीने करायचं ते एवढंच : हा माणूस आपला कुणी नव्हता असं दाखवून प्रकरण निस्तरायचं. गरज सरो, वैद्य मरो. इथे तर वैद्य खरोखरच मेला होता.

स्मायली निस्तरत नाही. पोलीस प्रेत कुठे पडलंय ते बघतात, स्मायली म्हातारा ज्या वाटेने चालत आला ती वाट तपासतो. मॉस्कोत वावरताना पाळायचे कडक नियम या जनरलच्या हाडीमाशी खिळलेले होते. पाठलागाची शंका आली की जवळची वस्तू आधी दडवायची, मग जिवाचं बघायचं. त्या हिशेबाने शोधल्यावर झाडात खुपसलेलं गॉलवाझ सिगारेटचं पाकीट सापडतं, आणि आत एक निगेटिव्ह. यात चातुर्य थोडं, ओळख जास्त. ऑफिसातल्या पोरसवदा ड्युटी ऑफिसरला हे सुचणं शक्यच नव्हतं. ऑफिससाठी जनरल म्हणजे वेळीअवेळी फोन करणारी एक जुनी कटकट.

ल कारे स्वतः ब्रिटिश हेरखात्यात होता, त्यामुळे ही कटकट त्याने हवेतून काढलेली नाही. १९४९ ते १९५५ या काळात ब्रिटिशांनी एस्टोनिया, लाटविया आणि लिथुआनियाची माणसं वेगवान बोटींतून बाल्टिक किनाऱ्यावर उतरवली. तिकडची प्रतिकार चळवळ सोव्हिएत गुप्तचरांनी आधीच पोखरलेली होती आणि उतरलेले बहुतेक सगळे त्यांच्याच हाती लागले. अशा लोकांची आठवण ठेवणं कुठल्याही ऑफिसला सोयीचं नसतं.

अशी प्रकरणं निस्तरून टाकणं कादंबरीबाहेरही चालतंच. रशियन गुप्तचर सेवेतला माजी अधिकारी अलेक्झांडर लिटविनेन्को २००६च्या नोव्हेंबरात लंडनच्या एका हॉटेलात चहा प्यायला. त्यात पोलोनियम-२१० होतं. तीन आठवड्यांनी तो गेला. सार्वजनिक चौकशीची मागणी ब्रिटिश सरकारने २०१३ मध्ये फेटाळली. परराष्ट्र संबंधांचा विचारही त्यामागे होता, हे तेव्हाच्या गृहमंत्री टेरेसा मे यांनी लेखी मान्य केलं. लिटविनेन्कोची बायको मरीना हायकोर्टात गेली, तिथून चक्रं फिरली आणि २०१६च्या जानेवारीत सर रॉबर्ट ओवेन यांचा अहवाल आला. या खुनाला बहुधा पुतिन यांची मंजुरी होती, असं त्यात म्हटलं आहे. इथे स्मायलीचं काम एका विधवेने केलं. सरकार आपणहून पुढे आलं नाही.

म्हणूनच कादंबरीचा शेवट मला विजयाचा वाटत नाही. माग काढत स्मायली पोहोचतो तो कार्लाच्या, म्हणजे मॉस्कोतल्या आपल्या जन्माच्या वैऱ्याच्या मुलीपर्यंत. ती स्वित्झर्लंडमधल्या एका मनोरुग्णालयात असते. तिच्यावरच्या मायेचाच फास करून तो कार्लाला पश्चिम बर्लिनमध्ये यायला भाग पाडतो. एका म्हाताऱ्याशी इमान राखायला निघालेला माणूस एका बापाला त्याच्या आजारी लेकीवरून धमकावतो. ल कारे हे झाकत नाही, ही त्याची थोरवी. आणि ऑफिस? आधी अंग चोरणारं तेच ऑफिस, मोठं सावज दिसल्यावर पैसे आणि माणसं मोकळ्या हाताने पुरवतं. अट एकच : फसलं तर हा स्मायलीचा खासगी उद्योग. जनरलवर गोळी झाडणाऱ्याला पकडायचं मात्र तोवर कुणाच्याच यादीत उरलेलं नसतं, स्मायलीच्यासुद्धा.