उसने गाणे आणि ऋणाचा प्रश्न

लोकप्रिय पॉप गायकाने आपली नेहमीची वाट सोडून स्विंगच्या जमान्यातील प्रतिष्ठित गाण्यांचा अल्बम काढावा, ही घटना गेल्या चार दशकांत इतक्या वेळा घडली आहे की तिला आता जवळजवळ एका संकेताचे रूप आले आहे. लिंडा रॉन्स्टॅट (१९८३), नॅटली कोल (१९९१), रॉबी विल्यम्स (२००१), रॉड स्ट्युअर्ट (२००२), बॉब डिलन (२०१५) ही या मालिकेतील काही ठळक नावे. अशा अल्बमांसंबंधी सामान्यतः दोन प्रश्न विचारले जातात. गायकाला हे गाणे पेलले का, हा एक. आणि अल्बम किती खपला, हा दुसरा. पहिला प्रश्न आस्वादाचा आहे, दुसरा बाजाराचा. या दोहोंमध्ये हरवून जाणारा तिसरा प्रश्न नैतिक स्वरूपाचा आहे. दुसऱ्या काळातून आलेले, दुसऱ्यांनी रचलेले आणि एखाद्या थोर आवाजाने आपलेसे करून टाकलेले गाणे गाण्याचा अधिकार गायकाला कशाने प्राप्त होतो?

या प्रश्नाचे प्रचलित उत्तर प्रामाणिकतेच्या कल्पनेवर आधारलेले आहे. १९६०च्या दशकानंतर पाश्चात्त्य लोकप्रिय संगीतात असे मानले जाऊ लागले की, गायकाने आपले शब्द, आपला अनुभव आपल्याच आवाजात गावा. या निकषानुसार उसने गाणे हे मुळातच संशयास्पद ठरते. परंतु हा निकष स्वतःच एका विशिष्ट काळाचे अपत्य आहे, हे विसरता येत नाही. ज्यांना आज ‘स्टँडर्ड’ म्हटले जाते, त्यांतील कितीतरी गाणी संगीतिकांतील आणि चित्रपटांतील कल्पित पात्रांसाठी लिहिली गेली. गीतकार एक, संगीतकार दुसरा, वाद्यवृंदाची रचना करणारा तिसरा आणि गाणारा चौथा अशी ही व्यवस्था होती. कवितेतील ‘मी’ म्हणजे कवी नव्हे, हे साहित्यसमीक्षेने केव्हाच मान्य केले आहे. गाण्यातील ‘मी’ म्हणजे गायक, असा आग्रह मात्र आपण सहजपणे धरतो. कारण आवाज हा देहाचा असतो आणि देह खोटे बोलत नाही, अशी आपली समजूत असते.

या नव्या प्रामाणिकतेचे प्रतीक ठरलेल्या डिलननेच २०१५ मध्ये केवळ इतरांनी लिहिलेल्या, सिनात्राने गायिलेल्या गाण्यांचा अल्बम काढावा, यात म्हणूनच एक अर्थपूर्ण विसंगती आहे. पुनर्गायनाला इंग्रजीत ‘कव्हर’ म्हणतात. त्या शब्दातील झाकण्याचा अर्थ पकडून डिलनने म्हटले होते की, ही गाणी आजवर इतकी झाकली गेली आहेत की पुरलीच गेली आहेत. आपण त्यांच्यावरचे आच्छादन काढत आहोत. विधान चतुर आहे, पण ते केवळ चतुर नाही. पूर्वीच्या गायनाशी स्पर्धा करणे नव्हे, तर गाण्यापर्यंत पोचणे हे पुनर्गायकाचे काम आहे, असा त्याचा रोख आहे.

येथे मराठी वाचकाला ख्यालगायनातील बंदिशीची आठवण होणे स्वाभाविक आहे. एकच बंदिश अनेक गायक गातात आणि ती उसनी घेतली असे कोणी म्हणत नाही. तथापि ही तुलना जितकी मोहक तितकीच फसवी आहे. बंदिश परंपरेने गुरुमुखातून येते. तिच्याबरोबर शिस्त येते, आणि ती गाण्याची अनुज्ञाही येते. पॉप गायकाला जुने गाणे बहुधा तबकडीवरून भेटते. ते कोणी त्याला दिलेले नसते; त्याने ते घेतलेले असते. म्हणूनच अधिकाराच्या प्रश्नाऐवजी ऋणाचा प्रश्न उपस्थित करणे मला अधिक उचित वाटते. अधिकार कायद्याने, पैशाने वा वारशाने मिळू शकतो. ऋण मात्र मान्य करावे लागते आणि ते मान्य केल्याची खूण गायनातच दिसावी लागते.

ही खूण कशी ओळखावी, हे पाहण्यासाठी रॉन्स्टॅटचे उदाहरण उपयोगी आहे. तिच्या १९८३च्या अल्बमला ज्या गाण्याचे नाव आहे, त्या ‘व्हॉट्स न्यू’ची चाल बॉब हॅगर्ट या बासवादकाने १९३८ मध्ये बांधली, जॉनी बर्कचे शब्द तिला नंतर मिळाले. दुरावलेल्या प्रिय व्यक्तीची अवचित गाठ पडते, कुशल विचारण्याच्या शिष्टाचाराआड व्यथा दडवली जाते आणि अखेरीस ती निसटून बाहेर येते, एवढाच प्रसंग. सिनात्राने १९५८ मध्ये हे गाणे ‘ओन्ली द लोन्ली’ या अल्बमसाठी गायिले, तेव्हा वाद्यवृंदाची रचना नेल्सन रिडलची होती. पंचवीस वर्षांनी रॉन्स्टॅटसाठी त्याच गाण्याची रचना पुन्हा रिडलनेच केली.

सिनात्रा बोलण्याच्या अंगाने गातो. शब्द तालाच्या किंचित मागेपुढे ठेवून तो संकोच आणि सावरणे सुचवतो. रॉक आणि कंट्री संगीतात घडलेला रॉन्स्टॅटचा भरघोस आवाज चालीला सरळ सामोरा जातो. तो तालाशी फारसा खेळत नाही. तिच्या गाण्यात स्विंग नाही, हा जाणकारांचा आक्षेप म्हणूनच निराधार नव्हता. परंतु सिनात्राची लकब उचलणे तिला अवघड नव्हते. ती तिने उचलली नाही, आणि त्यामुळे तिच्या आवाजाच्या मर्यादा उघड्या पडल्या. त्या उघड्या पडू देणे, हीच मला ऋण मान्य केल्याची खूण वाटते. शिवाय हे ऋण एकाच दिशेने वाहिले नाही. रॉकच्या लाटेत मागे पडलेल्या रिडलला या सहकार्यातून नवा श्रोता लाभला. १९८५ मध्ये त्याचे निधन झाले. दोघांचा तिसरा अल्बम १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला.

याच्या शेजारी विल्यम्सचा २००१चा अल्बम ठेवला, तर फरक लक्षात येतो. त्यात खेळकरपणा आहे आणि तो लपवलेला नाही. आपण सोंग घेतले आहे, हे सांगून घेतलेले सोंग अप्रामाणिक म्हणता येत नाही. अडचण निर्माण होते ती ‘इट वॉज अ व्हेरी गुड इयर’पाशी. उतारवयात पोचलेला पुरुष आपल्या आयुष्याच्या टप्प्यांकडे मागे वळून पाहतो, असे हे गाणे. विल्यम्स तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता, आणि त्याच्या आवाजासोबत १९९८ मध्ये निवर्तलेल्या सिनात्राचा १९६५चा ध्वनिमुद्रित आवाज जोडण्यात आला. सत्तावीस वर्षांच्या गायकाने हे गाणे गाऊच नये काय? तसे म्हणता येणार नाही. बिली स्ट्रेहॉर्नने ‘लश लाइफ’ हे जगण्याला विटलेल्या माणसाचे गाणे १९३०च्या दशकात, विशी गाठण्याच्या सुमारास, पिट्सबर्गमध्ये औषधांच्या दुकानात काम करीत असतानाच्या दिवसांत रचले. त्याने ते वार्धक्य भोगले नव्हते. कल्पनेने गाठले होते. विल्यम्सच्या बाबतीत उणीव वयाची नाही. जे कल्पनेने गाठायचे, ते यंत्राच्या साहाय्याने शेजारी आणून बसवले गेले, ही ती उणीव आहे. मृताचा आवाज नकार देऊ शकत नाही. वारसांची संमती मिळाली तरी हे बदलत नाही. नॅटली कोलने १९९१ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी गमावलेल्या वडिलांच्या आवाजासोबत ‘अनफरगेटेबल’ गायिले, तेथेही हा प्रश्न उरतोच. परंतु तेथे वियोग हाच गाण्याचा आशय होतो, आणि तंत्र त्या आशयाच्या सेवेत राहते.

‘लश लाइफ’ची गोष्ट येथे संपत नाही. ‘ओन्ली द लोन्ली’च्या ध्वनिमुद्रणाच्या वेळी सिनात्राने ते गाण्याचा प्रयत्न केला आणि अर्ध्यावर सोडून दिला. रॉन्स्टॅटने १९८४ मध्ये ते रिडलसह गायिले. सिनात्राचे सोडून देणे मला तिच्या गाण्याइतकेच महत्त्वाचे वाटते. गाणे आपल्याकडून जे मागते ते आज आपल्याजवळ नाही, हे ओळखणे हीही ऋणाची जाणीवच होय.

मात्र हे ऋण केवळ आधीच्या गायकाचे नसते. स्विंग म्हटले की झगमगते सभागृह आणि काळ्या सुटातील गोरा गायक डोळ्यांसमोर येतो. १९३५ मध्ये लॉस एंजेलिसच्या पॅलोमार नृत्यगृहात बेनी गुडमनला जे यश लाभले, त्याच्या वादनसंचातील अनेक रचना फ्लेचर हेंडरसन या कृष्णवर्णीय कलावंताच्या होत्या. वर्णभेदाच्या त्या अमेरिकेत तसे यश हेंडरसनच्या स्वतःच्या वाद्यवृंदाच्या वाट्याला आले नाही. कृष्णवर्णीय आणि उघडपणे समलिंगी असलेला स्ट्रेहॉर्न दीर्घकाळ ड्यूक एलिंग्टनच्या नावाच्या सावलीत राहिला. जुन्या गाण्यांचे अल्बम बहुधा त्या काळाचा तोरा उसना घेतात, त्यातील अन्याय घेत नाहीत. स्मृतिरंजनाची नैतिक मर्यादा येथे दिसते. वारसा सांगणाऱ्याने मालमत्तेबरोबर देणीही स्वीकारावीत, ही अपेक्षा व्यवहारातही रास्त मानली जाते. कलेत ती अनाठायी का ठरावी?

अर्थात, गायकाने गाण्याआधी इतिहासाचे व्याख्यान द्यावे, असा याचा अर्थ नव्हे. तीन मिनिटांच्या गाण्यावर इतका भार टाकणे अन्यायाचे होईल. हेंडरसनचे देणे आज कोणत्याही अल्बमने फेडता येणार नाही, हेही खरे. परंतु समीक्षेला आपला प्रश्न बदलता येतो. जुने गाणे गायकाला शोभले का, असे विचारताना आपण गाण्याला वस्त्र मानतो. त्याऐवजी गाण्याने त्याच्याकडून काय मागितले आणि त्याने काय पणाला लावले, असे विचारले, तर आवाजाचे सौंदर्य आणि आवाजाची जबाबदारी यांना वेगळे करण्याची आपली सवय थोडी सैल होईल. त्या गाण्यामागे उभ्या असलेल्या, मुखपृष्ठावर कधीही न आलेल्या माणसांची नावे ऐकण्याची तयारी मग श्रोत्यालाही ठेवावी लागेल. कारण हे उसने गाणे आनंदाने ऐकणारे आपणही त्या ऋणाचे भागीदार आहोत.